सात मिनिटांचा स्टार्टर

(उंद्रीच्या शिवारात कडूबाचं शेतातलं घर. उन्हं कलली आहेत. भिंतीवर निळ्या अक्षरांत ‘निर्झो मोबाइल स्टार्टर’ रंगवलेलं. ओसरीवर कडूबा, त्याची बायको गोजरबाई, आणि गावातून आत्ताच आलेली पुतणी करिष्मा.)

करिष्मा : मले एवढंच सांगा मोठेबाबा, ग्रुपमधून मले काढलं ते तुम्ही काढलं, का चुकून बोट लागलं?

कडूबा : बोट माहंच होतं. चुकून नाही लागलं. बस अगुदर.

करिष्मा : मी बसाले नाही आली.

गोजरबाई : बस माय. हे हरभऱ्याची भाजी निसू लाग मले. भांडन बसूनबी होते.

कडूबा : सत्तावीस मानसं हायेत त्या ग्रुपमधी. नाव काय हाये त्याचं? ‘निर्झो परिवार, उंद्री’. परिवार म्हनते त्याले. घरातली गोष्ट घरात बोलाव. तू गेली कंपनीच्या पानावर, साऱ्या दुनियेले दिसन असं लिहिलं. दोन स्टार.

करिष्मा : एक स्टार.

कडूबा : एक?

करिष्मा : त्याच्याखाली देता येत नाही.

कडूबा : ऐक गोजरे, ऐक. अन उद्या अकरा वाजता कंपनीचे शेखर साहेब येऊन राह्यले, कॅमेरावाला घेऊन. संगं जानेफळचे बावीस कास्तकार. तुह्या मोठीमायच्या माहेरचे. माह्या वीरीवर, मोटरीपाशी उभं राहून मले बोला लागते की स्टार्टर एक डावबी चुकला नाही, अन ते बावीसबी जन बुकिंग करनार. आज सकायी शेखर साहेबाचा फोन. ‘कडूबाजी, ही करिष्मा कोन? तिले म्हना, ते काढून टाक.’ आता काय सांगू मी त्यायले? भगवानची पोरगी हाये म्हनू? माही पुतनी हाये म्हनू?

करिष्मा : म्हना ना. लाज वाटते का?

गोजरबाई : देठ मोठे ठेवू नको करिष्मा. कोवळं तेवढं घे.

करिष्मा : मोठेबाबा, लिहिलं मी एकटीनं. पण त्याच्या खाली आपल्या गावानं काय लिहिलं ते वाचलं तुम्ही? रंगराव काकांनी लिहिलं, ही पोरगी दुसऱ्या कंपनीकडून बोलून राह्यली. नीळकंठ सरांनी लिहिलं, ‘ज्यांना वस्तू हाताळता येत नाही, त्यांनी वस्तूला नावे ठेवू नयेत.’ दहावीले मले विज्ञान शिकवलं त्यायनं. प्रयोगवहीत काय दिसलं तेच लिहा, असं सांगायचे. अन त्यायच्या खाली अंगठा कोणाचा? तुमचा.

कडूबा : अंगठा देला मी. मानूस रागात असला म्हंजे देते.

करिष्मा : अकरा जणांनी पाच-पाच स्टार दिले परत. मी खोटी पडावी म्हणून.

कडूबा : तुले खोटी पाडाले नाही देले. मालाची कदर हाये म्हनून देले. तू लहान होती का त्या टाइमले? नाही ना. चार सालं झाले फक्त. रात्रपाळीची लाईन होती, वीज रात्रीच ये. तुहा बाप मोटर लावाले गेला अन धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, त्याच्या पायाले साप डसला. आठ दिवस बुलढान्याले दवाखान्यात. मी उशाले बसून होतो, तू पायथ्याले.

करिष्मा : माहीत आहे मले.

कडूबा : माहीत हाये तं मंग ऐक. वाचला, पन अंधाराची धास्ती बसली त्याले. दिवस बुडाला की वावरात पाय टाकेना. पुढच्या महिन्यात तो राजकुमार आला, निर्झोचा इंजिनिअर. फटफटी चिखलात फसली तं स्टार्टरचा डबा डोक्यावर घेऊन पैदल आला. अठी याच ओसरीवर भाकर खाल्ली त्यानं. अन डबा बसवला भगवानच्या वीरीवर. तुह्या बापानं घरी खाटेवर बसून मोबाइलचं बटन दाबलं, अन तिकडं वावरात मोटर धडधड चालू. तुहा बाप रडला. मीबी रडलो. आता मानसं त्या नावाले जीव लावतात तं काऊन लावतात, समज जरा. लोकायचं पोरगं नवा फोन घेते अन कंपनीच्या नावानं भांडते, तसं नाही हे.

गोजरबाई : कंपनीच्या कॅलेंडरवर फोटो आला यायचा. मार्च महिना. अजून काढू देत नाही मले, साल सरलं तरी.

कडूबा : तू भाजी निस.

करिष्मा : मोठेबाबा, मी त्याच बापाची पोरगी आहे. म्हणून तर लिहिलं. तुम्ही दोघं जानेफळले लग्नाले गेलते, त्या रात्री काय झालं ते सांगतलं का बाबांनी तुम्हाले?

कडूबा : सर्व्हर झोपला होता त्या दिवशी. मी लग्नातून ग्रुपवर टाकलंबी, का सर्व्हर झोपला, सकायी पाहू.

करिष्मा : मोटर लागली नाही. हरभरा फुलावर, लाईन रात्रीचीच. बाबांनी नऊ वेळा बटण दाबलं. मंग उठले, बूट घातले अन निघाले. चार सालांनी पहिल्यांदा. मी टॉर्च धरून पुढं चालली. मागं पाहिलं तं बाबा धुऱ्यावर उभे, पाय उचलत नव्हता त्यायचा. मी हात धरून नेलं त्यायले. माह्या बापाले, लहान पोरासारखं. घरी आल्यावर म्हनले, दादाले सांगू नको, त्याले वाईट वाटन.

कडूबा : मले नाही बोलला तो.

करिष्मा : नाहीच बोलनार. मी पण नाही बोलली. पण दुसऱ्या दिवशी ॲप उघडून मागचं सगळं पाहिलं. त्यात नोंद राहते ना, बटण किती वाजता दाबलं अन मोटर किती वाजता चालू झाली. दिवाळीच्या आधी दाबलं की लगेच. दिवाळीच्या अपडेटनंतर एकदाही लगेच नाही. नेहमी सहा मिनिटांनी. कधी नऊ. मले वाटलं आमचाच डबा बिघडला. म्हणून कॉलेजचं प्रोजेक्ट आहे असं सांगून मी अकरा घरी गेली. सगळ्यायचे मोबाइल पाहिले, वहीत उतरवलं. ही पाहा.

कडूबा : मले चष्म्याबिगर दिसत नाही.

करिष्मा : मी वाचते. भगवानराव, सहा मिनिटं. रंगराव काका, सात मिनिटं. रेणुका वहिनी, बारा. नीळकंठ सरांची विहीर नाल्यापल्याड, तिथं बावीस. दोन महिन्यांचा हिशोब आहे, रोज हेच. आता मी विज्ञान शिकलेली पोरगी, तेबी नीळकंठ सरांच्या हाताखाली. मी विचार केला, हा कसा सर्व्हर आहे जो तुमच्या घराजवळची विहीर पहिले लावते अन लांबची मंग? याले नाला ओलांडाले वेळ काऊन लागते?

कडूबा : नेटवर्क असंन. नाल्यात रेंज कमी हाये.

करिष्मा : डिसेंबरात एक आठवडा सगळ्यायच्याच मोटरी उशिरा लागल्या. रंगराव काकांची सात मिनिटांवरून पंधरावर गेली. सरांची चाळीसवर.

गोजरबाई : त्या आठवड्यात गुडघा सुजला होता यायचा.

कडूबा : गोजरे.

गोजरबाई : मी काय म्हनलं? गुडघ्याचं म्हनलं.

करिष्मा : अन ज्या रात्री तुम्ही जानेफळले होते, त्या रात्री अकरापैकी एकही मोटर लागली नाही. एकही नाही, मोठेबाबा.

गोजरबाई : सांगा आता. नाही तं मी सांगते. मोबाइल वाजते, ग्रुपवर येते, ‘दादा, मोटर लागून नाही राह्यली.’ हे लिहितात, ‘पाच मिनिट थांबा, कंपनीले सांगतो.’ अन कंपनीले कायचं सांगतात. टॉर्च घेतात, काठी घेतात, अन जातात. वीरीवर जाऊन डब्याचं हिरवं बटन हातानं दाबतात. तिकडं गावात ॲपमधी हिरवं दिसते, लोक म्हनतात लागली मोटर, वारे निर्झो. दोन-अडीच महिने झाले. मी रोज दारात उभी राहून पाह्यते, टॉर्च कोन्या धुऱ्यावर हाये.

करिष्मा : म्हणजे सर्व्हर तुम्ही.

कडूबा : मी काय सर्व्हर. मी आपला वावरात राह्यतो, मले जवळ पडते. लोक गावात राह्यतात, त्यायले दोन-अडीच किलोमीटर पडते.

करिष्मा : काऊन केलं पण?

कडूबा : माह्या शब्दावर घेतला लोकायनं. पेपरात वाचून नाही घेतला, टीव्हीवर पाहून नाही घेतला. कडूबा म्हनते चांगला हाये, एवढ्यावर अकरा जनायनं घेतला. पयल्या दिवशी रंगरावची लागली नाही. मी म्हनलं दोन दिवसाची गोष्ट हाये, कंपनी दुरुस्त करन, तवरीक आपन लावून देऊ. रंगराव खूश. मंग रेणुकाची. मंग सरायची. एकाची लावली अन दुसऱ्याची नाही, असं करता येते का? अन मंग सांगाची सोयच नाही राह्यली. पंधरा दिवसानं काय सांगू, का पंधरा दिवस मी फसवलं?

करिष्मा : कंपनीले सांगाचं होतं.

कडूबा : नाही सांगतलं असं वाटते तुले? नऊ डाव फोन केला. पयले राजकुमारले केला. तो म्हने, दादा, मी सोडली ती कंपनी, तीन महिने झाले. मंग त्या मोठ्या नंबरवर केला. गानं वाजते. मंग एक बाई बोलते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुन्हा गानं. एक डाव लागला एक पोरगा. त्यानं कॉम्प्युटरमधी पाह्यलं अन म्हने, ‘काका, तुमच्या गावातून सगळ्या मोटरी व्यवस्थित चालू झालेल्या दिसतात. तक्रार कशाची घेऊ?’

करिष्मा : तुम्हीच लावत होते ना त्या.

कडूबा : हाव. मीच लावत होतो. त्याले काय सांगू? मी ठेवून देला फोन.

करिष्मा : अन मले काढलं ग्रुपमधून.

कडूबा : तू खरं लिहिलं म्हनून काढलं. खोटं लिहिलं असतं तं भांडलो असतो तुह्यासंगं, समजावलं असतं. खऱ्याले काय समजावू? निर्झोचं नाव वाईट होईन याची मले भीती नाही बाई. मले वाटलं, ते नाव गेलं तं माहंबी गेलं. चार सालात दोन्ही एकच होऊन गेले.

गोजरबाई : टी-शर्टबी निर्झोचाच घालतात. धुवाले देत नाही.

करिष्मा : उद्या काय बोलनार कॅमेऱ्यासमोर?

कडूबा : तेच. एक डावबी चुकला नाही.

करिष्मा : अन जानेफळचे बावीस जण बुकिंग करनार.

कडूबा : करतीन. तुह्या मोठीमायचा भाऊबी त्यायच्यात हाये. जावयाच्या शब्दावर घेऊन राह्यला.

करिष्मा : मंग जानेफळले कोण जाईन?

कडूबा : कायले?

करिष्मा : बटण दाबाले. उंद्रीत तुम्ही आहे. इथं बिघडलेला डबा तुमच्या पायानं चालते. जानेफळचा कोणाच्या पायानं चालंन? तिथं रात्री मोटर लागली नाही तं मामा काय करतीन? बूट घालतीन अन निघतीन, बाबा निघाले तसे. त्यायच्या धुऱ्यावर कोण आधी जाऊन येनार, टॉर्च घेऊन?

गोजरबाई : माह्या भावाले संध्याकाळचं नीट दिसत नाही.

करिष्मा : ऐकलं ना?

गोजरबाई : बोला. जानेफळचं कसं करता?

कडूबा : मी हा इचारच नाही केला. मले वाटे मी उंद्रीचं पाह्यतो, बाकी कंपनी पाहीन.

करिष्मा : कंपनीले तुम्ही दिसू दिलं नाही, मोठेबाबा. तुम्ही एवढं झाकलं की कंपनीलेच दिसलं नाही. मले निर्झोचं वाईट नाही करायचं. माह्या बापाले चार सालं झोप दिली त्या डब्यानं. तो पुन्हा तसा चालावा म्हणून एक स्टार दिला मी. पाच दिले असते तं कोणी पाहिलं असतं का?

कडूबा : मोबाइल दे माहा. त्या खुंटीले पिशवी हाये, तिच्यात. पयले तुले आत घेतो. कोनतं बटन हाये आत घ्यायचं? काढाचं तं लगेच सापडलं होतं.

करिष्मा : हे. इथं दाबा. हाव. आली मी.

कडूबा : आता बोलाचं. लिहून नाही, बोलूनच टाकतो. हे दाबून धरा लागते ना? ‘राम राम मंडळी. मी कडूबा. दिवाळीपासून आपले स्टार्टर ॲपवरून लागून नाही राह्यले. मी हातानं लावून राह्यलो होतो. कंपनीले सांगतो असं मी तुम्हाले म्हनो, ते खोटं होतं. जानेफळच्या लग्नाच्या रात्री सर्व्हर झोपला नव्हता, मी गावात नव्हतो. करिष्मानं लिहिलं ते खरं हाये. तिले मी ग्रुपमधून काढलं होतं, आता घेतलं. उद्या शेखर साहेब येतीन, त्यायच्यासमोर मी हेच बोलनार. तुम्ही मले काय बोलाचं ते बोला.’ गेलं का?

करिष्मा : गेलं. कोणी ऐकलं ते दिसते इथं. रंगराव काकांनी ऐकलं.

गोजरबाई : काय म्हनते रंगराव?

करिष्मा : काहीतरी बोलून राह्यले अजून. थांबा. आलं. मोठ्यानं लावते.

रंगराव (मोबाइलमधून) : दादा, राम राम. हे आम्हाले माहीत होतं. माह्या गच्चीवरून तुमचा टॉर्च दिसते. रेणुका वहिनीनं दुसऱ्या दिवशी वीरीजवळ तुमच्या काठीचे ठसे पाह्यले. ते पाच स्टार आम्ही कंपनीले नव्हते देले, दादा.

करिष्मा : माहीत होतं?

कडूबा : पुन्हा लाव एक डाव.

करिष्मा : नाही लावत. माहीत होतं सगळ्यायले, अन तरी मले म्हनले दुसऱ्या कंपनीची? सरांनी पण? मी चार दिवस कॉलेजले गेली नाही, मोठीमाय. बसमध्ये पोरं हसत होते.

गोजरबाई : तुले खरी म्हना लागलं असतं तं यायले खोटं म्हना लागलं असतं, माय. गावाले ते जमलं नाही. तुले खोटी म्हनलं ते सोपं पडलं. तू लहान, तू पोरगी. चुकलंच त्यायचं.

कडूबा : त्यायचं नाही, माहं चुकलं. मले माफ कर असं म्हनाची रीत नाही आपल्यात मोठ्यायनं. तरी म्हनतो.

करिष्मा : नका म्हनू. भाजी निसू द्या मले.

कडूबा : लोक बी मोठे विचित्र हायेत. माहीत होतं तं एक जन तरी यावं का नाही? म्हनावं, दादा, आज मी जातो.

गोजरबाई : तुम्ही जाऊ देलं असतं?

कडूबा : नसतं देलं.

गोजरबाई : मंग.

करिष्मा : सरांनी लिहिलं आहे काहीतरी. ‘करिष्मा, वही घेऊन उद्या ये. शेखर साहेबांसमोर तूच वाच. मी शेजारी उभा राहीन.’

कडूबा : पाह्य. अंगठा देऊ का?

करिष्मा : द्या. आता द्या.

गोजरबाई : लाईन आली वाटते. बल्ब लागला पाहा.

कडूबा : पावनेसहा झाले. या आठवड्यात लवकर हाये लाईन.

करिष्मा : मोठेबाबा, बाबांचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, तुम्हाले एकट्याले. ‘दादा, तुमचं बोलनं ऐकलं. मोटर लागून नाही राह्यली. तुम्ही जाऊ नका, मी पाह्यतो.’

गोजरबाई : तो काय पाह्यते. आता घडीभरात अंधारून येईन.

कडूबा : माही काठी कुठं हाये?

करिष्मा : मोठेबाबा, आत्ताच तं बोलले ना तुम्ही.

कडूबा : बोललो ना. काठी दे, अन ते वही उघड. नवीन पान घे. तारीख टाक. ‘पावनेसहा वाजता, भगवानरावची मोटर लागली नाही.’

करिष्मा : अन पुढं?

कडूबा : पुढं काही नाही. एवढंच ठेव. पयले ते लिही, मंग जातो मी.